दोन खिशांचा पांढरा शर्ट

ईशूला शाळेत सोडून आल्यापासून गावातल्या बाया मला तेच तेच विचारतात. जेवायला काय देतात, झोपायला गादी आहे का, मॅडम मारतात का. मी सगळं सांगते. पण शाळा पाहायला गेलात तेव्हा तुम्ही अंगावर काय घातलं होतं, हे अजून एकीनंही विचारलेलं नाही, आणि माझ्या डोक्यात मात्र त्या प्रवासातलं तेवढंच राहिलंय. पुढच्या वर्षी ज्यांना आपलं लेकरू घेऊन अशा शाळा बघायला निघायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते. शहाणपण शिकवायला नाही. माझं शहाणपण किती होतं ते पुढं दिसेलच.

पुसेगाव, हळदीचे दिवस

मी पुसेगावात ब्लाऊज शिवते. फॉल-पिको, परकर, पोरींचे फ्रॉक, जे येईल ते. घरची चार एकर जमीन आहे, हळद आणि सोयाबीन. ती ईशूचे पप्पा बघतात. ईशू, म्हणजे ईश्वरी, आमची एकुलती एक. यंदा पाचवी झाली. पोरगी हुशार आहे, हे मी आई म्हणून सांगत नाही, गावातले गुरुजी घरी येऊन सांगून गेले. म्हणाले, हिला एखाद्या चांगल्या निवासी शाळेत टाका. माझ्या मनातलंच बोलले. माझी बारावीची परीक्षा आणि माझं लग्न एकाच महिन्यात झालं. परीक्षा पार पडली, कॉलेज राहिलं ते राहिलंच. ईशूचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच मी धरून बसले होते.

माझी धाकटी बहीण सुनीता हिंगोलीत राहते. तिचा मालक सरकारी कचेरीत क्लार्क आहे आणि तिचा मुलगा मागच्याच वर्षी अशा शाळेत गेला, त्यामुळे या बाबतीत ती आमच्या घराण्यातली वकील. तिनं फोनवर मला समजावलं. "ताई, लेकराला दोन प्रश्न विचारतात. बाकी सगळा इंटरव्ह्यू आईबापाचाच असतो. दारातून आत येतानाच बघून घेतात." मग तिनं यादी सांगितली आणि मी ती मापाच्या वहीत लिहून घेतली. काठपदर नको, लग्नाला आल्यासारखं दिसतं. सुती साडी, बारीक काठाची. गजरा नको. बांगड्या दोन-दोन. दाजींना पांढरा शर्ट, काळी पँट, शर्ट इन केलेला, पायात बूट. बोलायचं कमी. 'न्हाई' नाही, 'नाही' म्हणायचं. 'काहून' तर तोंडातून काढायचंच नाही.

लिहिता लिहिता मला हसू आलं. मला पाहायला आले होते तेव्हा आईनं अशीच यादी केली होती. हळू चालायचं, मान खाली, विचारलं तेवढंच बोलायचं. फरक एवढाच की तेव्हा माझ्या एकटीचा दाखवायचा कार्यक्रम होता, आता सगळ्या घराचा. तेव्हा आईचा राग आला होता. मी आता आई झाले होते, म्हणून मला माझा राग आला नाही.

ईशूसाठी मी गडद निळा फ्रॉक शिवला, पांढरी कॉलर, आतून अस्तर. फोनवर एक चित्र बघून कापला. सलग दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तिला तो इतका आवडला की घालून ती पाटावर सुद्धा बसेना. मी तिला समोर उभी करून प्रश्न विचारायची. नाव काय, आवडता विषय कोणता, वडील काय करतात. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणायची, "पप्पांची हळद हाय." मी म्हणायची, "'हाय' नाही, 'आहे'. आणि हळद नाही म्हणायचं, बिझनेस म्हणायचं." ती म्हणाली, "पण हळदच हाय ना?" मी म्हटलं, हळदीचाच बिझनेस, त्यात खोटं काय आहे. पोरीला ते पटलं.

आता हळदीचं सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं. आमच्या भागात मार्च-एप्रिलमध्ये हळद शिजवतात, वाळवतात आणि मग लोखंडी ढोलात घालून गरागरा फिरवतात, म्हणजे वरची साल निघून ती चकचकीत होते. त्याला पॉलिश म्हणतात. या दिवसांत घरातल्या माणसाचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात, नखं तर केशरी. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, सगळ्यांचेच असतात. पण शाळेचा फोन सोमवारी आला, बुधवारी या म्हणून, आणि आमची हळद मंगळवारीच ढोलात होती. मी त्यांना लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं, दगडानं घासलं. ते म्हणाले, "कातडी निघंल, हळद न्हाई निघायची. राहू दे की." मी म्हटलं, मग आत गेल्यावर हात खिशात ठेवायचे.

जवळा बाजारला माझं माहेर आहे. तिथल्या आठवडी बाजारातून मी पांढरं पॉपलीन आणून त्यांचा शर्ट स्वतः शिवला होता. मंगळवारी संध्याकाळी ते शेतातून आले, खुंटीवरचा शर्ट कौतुकानं काढून अंगाला लावून बघितला, आणि उजव्या छातीवर चार बोटं उठली. हळदीचा डाग कसा काढायचा हे आमच्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. साबण लावायचा नाही. नुसत्या पाण्यात खळबळायचं आणि उन्हात टाकून द्यायचं, दोन दिवसांत ऊनच तो खाऊन टाकतं. मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगते. पण माझ्याकडं दोन दिवस नव्हते आणि ऊनही गेलं होतं. डोक्यात तिडीक गेली आणि मी त्यावर कपड्याची पावडर खसाखसा चोळली. साबण लागला की हळद लाल होते, तशी ती लाल झाली. वर ओल्यावरच गरम इस्त्री फिरवली. चार बोटं विटकरी रंगाची पक्की बसली, अगदी शिक्का मारल्यासारखी.

मग मी शिंपिणीचं डोकं चालवलं. शर्टाला डावीकडं खिसा होता, उजवीकडं दुसरा लावून टाकला. कापड शिल्लक नव्हतं, म्हणून शर्टाच्याच मागच्या खालच्या घेरातून कापलं. तो भाग पँटीत जाणार, तिथं कोण बघतंय. खालची कापलेली कड दुमडून टीप मारायलाही मी थांबले नाही. ते शर्ट घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दोन खिसे! आता मी ठेकेदार दिसून राहिलो." ईशू पोट धरून हसली.

हिंगोली

कपडे पिशवीत घालून आम्ही एसटीनं हिंगोलीला गेलो आणि सुनीताच्या घरी नटलो. तिनं माझी साडी सोडून पुन्हा नेसवली, टाचण्या लावल्या. ईशूच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की तिच्या भुवया वर गेल्या. तिथून रिक्षा केली. शाळा शहराच्या बाहेर होती. नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता.

मोठ्या हॉलमध्ये बाकांवर वीस-पंचवीस घरं बसली होती. माणसाचे कपडे वाचायची मला सवयच आहे. एका बाईच्या साडीवर घडीच्या रेषा तशाच होत्या, म्हणजे आजच पेटीतून काढलेली. एका गृहस्थांच्या बुटाच्या तळाला दुकानातली चिठ्ठी तशीच होती. त्यांनी पायावर पाय टाकला की ती सगळ्यांना दिसायची. एका पोराचा कोट नक्की मोठ्या भावाचा होता. सगळे आमच्यासारखेच. पण मला जी गोष्ट खरी खटकायला पाहिजे होती ती वेगळीच होती. इतकी लेकरं एका जागी आणि आवाज फक्त पंख्याचा. आमच्याकडं लग्नात पाच पोरं जमली तर मांडव डोक्यावर घेतात. इथं एक लेकरू पाय हलवत नव्हतं. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे.

आत मॅडम होत्या. पन्नाशीच्या, साधा पंजाबी ड्रेस, ओढणीवर पेनाची शाई सांडलेली. मी लगेच बघून घेतलं की ओढणीला इस्त्री नाही, आणि मनातल्या मनात शाळेचे दोन मार्क कापले. त्यांनी ईशूला एक पान वाचायला दिलं. तिनं धडाधड वाचलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी ईशूच्या पप्पांना विचारलं, आपण काय करता. मी शिकवलं होतं, शेती आणि व्यवसाय. हे म्हणाले, "हळद."

मॅडम पुढं झाल्या. म्हणाल्या, मी इतकी वर्षं या भागात आहे पण हळद जमिनीतून निघते तेव्हा कशी दिसते ते मला अजून माहीत नाही, सांगता का? झालं. खिशातले हात बाहेर आले. गड्डा कसा असतो, त्याला बोटं कशी फुटतात, शिजल्यावर वास कसा बदलतो, सगळं हातांनी सांगणं सुरू झालं. पिवळे हात टेबलावर, केशरी नखं मॅडमच्या फायलींवर. मी पायानं त्यांचा बूट दाबला. त्यांना वाटलं मी जागा मागतेय, म्हणून ते सरकून बसले. मग ढोल कसा फिरतो ते दाखवायला ते उभेच राहिले, दोन्ही हात गोल फिरवले, आणि कमी पडलेला शर्ट मागून सळकन बाहेर आला. सगळा घेर वाकडा कापलेला, त्याला लोंबते दोरे. जिल्ह्यातल्या कुठल्याही शिंपिणीनं बघितलं असतं तर विचारलं असतं, कुणी शिवला हा.

मॅडम हसल्या. ईशूही हसली. ती पप्पांकडं बघत होती आणि तिचे डोळे चमकत होते, हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त ती कापलेली कड बघत होते. मॅडम म्हणाल्या, कळवू आम्ही फोन करून. मला ऐकू आलं, या आता.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी यांना नको ते बोलले. तुम्ही पोरीचं नुकसान केलंत, हसू करून घेतलंत, असं म्हणाले. ते शर्ट खोचत उभे होते, तो पुन्हा पुन्हा बाहेर येत होता. म्हणाले, "त्यांनी इचारलं, मी सांगितलं. त्यात काय चुकलं?" ईशू आमच्या दोघांच्या मधे उभी होती. तिनं पहिल्यांदाच पप्पांच्या हाताकडं नीट बघितलं, मग स्वतःच्या.

कनेरगाव नाक्याच्या पुढे

दुसरी शाळा वाशिमच्या रस्त्याला, कनेरगाव नाका ओलांडल्यावर. या वेळी मी कसलीच कसर ठेवली नाही. साडी सुनीताची, आकाशी रंगाची. गाडीही तिच्याच घरची मागून घेतली, एसटीत कपडे चुरगळतात म्हणून. गाडी ईशूचे पप्पा चालवत होते, ईशू त्यांच्या शेजारी पुढं बसली होती, मी मागं, साडीच्या निऱ्या सांभाळत. उन्हानं डांबरावर पाणी दिसत होतं आणि ते पाणी आपल्या आधी पळतं कसं, यावर बापलेकीचं चाललं होतं. पोरीला भूक लागली तेव्हा नाक्यावर थांबून त्यांनी केळी घेतली. डाग पडेल म्हणून मी तिच्या गळ्यात टॉवेल बांधला आणि केळं तुकडे करून तिच्या तोंडात घातलं. दहा वर्षांच्या पोरीच्या.

तिथंच मी त्यांना म्हटलं, तुम्ही आज आत येऊ नका.

त्यांनी केळ्याची साल कडेला टाकली. मग म्हणाले, "बराबर हाय. मी गेलो की बोलतोच." आणि गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, चला, समजूतदारपणे घेतलं. इतकंच वाटलं.

ही शाळा मोठी. काचेचं ऑफिस, आत गारवा, टाय लावलेले सर. त्यांच्या पाठीमागं मोठी खिडकी आणि खिडकीतून सरळ गेट दिसायचं. सरांनी ईशूला चार प्रश्न विचारले, तिनं 'आहे' आणि 'नाही' करत सुरेख उत्तरं दिली. मग विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, बिझनेस. सर म्हणाले, आज आले नाहीत? मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "पप्पा टूरवर गेलेत."

हे मी शिकवलं नव्हतं. शपथ सांगते, टूर हा शब्द आमच्या घरात कधी निघालेला नाही. तिनं तो कुठून आणला कोण जाणे, पण इतक्या सहज म्हणाली की पापणी लवली नाही. मला लगेच वाटलं, काय हुशार आहे माझी पोरगी. मी टेबलाखाली तिचा हात दाबला, शाबास म्हणून. त्या दाबण्याचा मला आज सगळ्यात जास्त पस्तावा होतो.

मग सर खिडकीकडं वळले. बाहेर गेटपाशी ईशूचे पप्पा उभे होते, वॉचमनशी हातवारे करून बोलत होते. गाडी कडक उन्हात होती. सर म्हणाले, "ड्रायव्हरला सांगा मॅडम, गाडी झाडाखाली लावायला. तापेल फार."

मी म्हणाले, "हो, सांगते."

ईशूनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि फ्रॉकची कॉलर नीट केली.

सर आम्हाला सोडायला पायऱ्यांपर्यंत आले, म्हणून मला यांच्याशी नीट बोलताही येईना. लांबूनच हात केला, गाडी इकडं आणा. ते आले. ईशू मागचं दार उघडून मागं बसली. सर बघत होते, मीही मागंच बसले. त्यांनी आरशातून एकदा आमच्याकडं बघितलं आणि गाडी काढली.

परत नाक्यावर ढाब्यावर जेवलो. शेवभाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. पोरगी भुकेली होती, फ्रॉकवर तेल सांडलं तरी मी काही बोलले नाही, काम झालं होतं. जेवताना हे सांगायला लागले. वॉचमन जवळा बाजारचा आहे, माझ्या माहेरचा, आमच्या बाबांना ओळखतो. लहान पोरी पहिला महिना संध्याकाळी गेटपाशी येऊन रडतात. प्यायचं पाणी मागच्या टाकीचं चांगलं, पुढच्या नळाचं नाही. वॉर्डनबाई कडक आहे पण ताप आला तर रात्रभर बसते. मी आत अर्धा तास बसून यातली एक गोष्ट विचारली नव्हती. आणि वर मी त्यांच्यावरच डाफरले, तुम्हाला कुणी सांगितलं होतं वॉचमनला आपली ओळख द्यायला.

ते भाकर मोडता मोडता थांबले. "काहून? लेकरू इथं राहणार. कुणाला तरी सांगावं लागंल ना, ही माझी लेक हाय म्हणून."

मी ठेचा तिखट आहे म्हणत पाणी प्याले.

फोन

चारच दिवसांनी दुसऱ्या शाळेचं पत्र आलं, प्रवेश झाला. मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. त्याच दुपारी मशीनवर बसले असताना फोन वाजला. पहिल्या शाळेच्या मॅडम होत्या, स्वतः. म्हणाल्या, ईश्वरीला आम्ही घेतोय, छान वाचते. आणि म्हणाल्या, तिच्या वडिलांनी हळदीचं इतकं सुंदर सांगितलं की मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. पुढच्या हंगामात ते एक दिवस येऊन आमच्या मुलांना दाखवतील का?

मी मशीनचं चाक धरून बसले. खरं सांगायचं तर अजून सगळं हातात होतं. दुसरीकडं फक्त पत्र आलं होतं, पोरगी घरीच होती. पण मला ते ऑफिस आठवलं, ते लोंबते दोरे आठवले, आणि पुन्हा त्या बाईसमोर उभं राहायची मला लाज वाटली. मी म्हणाले, आम्ही दुसरीकडं घेतलंय. त्या म्हणाल्या, असं का, बरं, मुलीला शुभेच्छा. फोन ठेवला. यांना मी काही सांगितलं नाही. एकदा नाही, दोनदा नाही, तीन महिने सांगितलं नाही.

भेटीचा रविवार

जूनमध्ये ईशू गेली. त्या शाळेत महिन्याच्या पहिल्या रविवारी आईबापांनी भेटायचं असतं. जुलैचा रविवार यांचा हळद लावायच्या गडबडीत चुकला, एकटी मी एसटीनं जाऊन आले. ऑगस्टमध्ये यांनी आठ दिवस आधीच जाहीर केलं, या वेळी मी येणार.

शनिवारी संध्याकाळी हॉस्टेलवरून ईशूचा फोन आला. मी काज करत होते, हात गुंतलेले, म्हणून स्पीकर लावला. हे शेजारीच बसून बूट पुसत होते. ईशू शुद्ध बोलत होती, एकही 'हाय' नाही. म्हणाली, मम्मी, ती आकाशी साडी नेस. धपाटे स्टीलच्या डब्यात आण, फडक्यात बांधून आणू नको. मावशीकडची गाडी घेऊन या, एसटीनं नको. आणि जोरात 'काहून' म्हणू नको, इथं मुली हसतात. माझ्या मापाच्या वहीतली यादीच ती मला वाचून दाखवत होती, फक्त आवाज तिचा होता. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पप्पा येणार असतील तर त्यांना म्हण, गाडीपाशीच थांबा. मी सगळ्यांना सांगितलंय, ते टूरवर असतात."

फोनचा आवाज बंद करायचंही सुचलं नाही. यांनी बूट खाली ठेवला, फोनकडं वाकून म्हणाले, "थांबतो की बाळा. तू कायजी करू नको." पलीकडून फोन बंद झाला.

रविवारी त्यांनी तोच दोन खिशांचा शर्ट काढला, स्वतः इस्त्री केली. मी म्हटलं, दुसरा घाला, मी नवा शिवलाय. ते म्हणाले, हाच बरा हाय. जाताना मी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते. सोयाबीन गुडघ्याएवढं हिरवं होतं, रस्त्यात ते नेहमीसारखे प्रत्येक शेताबद्दल बोलत होते, कुणाचं बी चांगलं, कुणाच्यात गवत. गेटपाशी उतरले आणि वॉचमनशेजारी उभे राहिले. हळद तर कधीच उतरली होती, त्यांचे हात चांगले स्वच्छ होते. तरी दोन्ही हात त्यांनी पँटीच्या खिशात घातले.

आत पटांगणात झाडाखाली ईशू दोन मैत्रिणींना घेऊन बसली होती. ती उंच झाल्यासारखी वाटली. मैत्रिणींनी धपाटे मिटक्या मारत खाल्ले. त्यातल्या एकीनं विचारलं, हिचे पप्पा नाही आले? ईशू डब्याच्या झाकणाशी खेळत म्हणाली, टूरवर. तिनं गेटकडं एकदाही बघितलं नाही. पण मैत्रिणी पाणी आणायला उठल्या तेव्हा तिनं उरलेले दोन धपाटे झाकणात ठेवून डबा माझ्या पिशवीत सारला. म्हणाली, "पप्पांना दे. त्यांनी काही खाल्लं नसंल." 'नसंल' म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. तिला सांगायचं होतं की चूक तुझी नाही, ही माझी शिकवण आहे. ते सांगायला मला एक वाक्यही जमलं नाही. घंटा झाली.

ती आणि मैत्रिणी मला सोडायला गेटच्या आतल्या बाजूला रांगेनं उभ्या राहिल्या. मी गाडीकडं गेले आणि पुढच्या दाराला हात घातला. तेवढ्यात हे पलीकडून चटकन वळसा घालून आले, मागचं दार उघडलं आणि मान खाली घालून दार धरून उभे राहिले. मी बसेपर्यंत. मग अलगद दार लावलं.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काचेच्या खिडकीतून सर काय म्हणाले असतील, पोरगी मागं का बसली, सगळं. आणि पोरीचं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी दार धरलं होतं.

गाडी निघाली. ईशूनं हात हलवला, मला. त्यांनी आरशातून बघितलं, पण हात स्टिअरिंगवरून काढला नाही. मी मागच्या सीटवर पदर तोंडात घालून रडत होते आणि ते समोर बघत गाडी चालवत होते. नाका आला. ढाब्याच्या थोडं अलीकडं त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागं न बघता म्हणाले, "आता ये पुढं."

मी पुढं जाऊन बसले. डबा उघडून धपाटा त्यांच्या हातात दिला, ईशूनं ठेवलाय म्हटलं. आणि मग पहिल्या शाळेच्या मॅडमच्या फोनचं सगळं सांगून टाकलं. त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, कशाची लाज वाटली. मला वाटलं आता हे मला बोलतील, बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी धपाटा तसाच हातात धरला होता. रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"काय म्हणाल्या म्हणे त्या मॅडम? हळदीचं?" त्यांनी विचारलं. "परत सांग."

मी परत सांगितलं.